काय करत नाही, ते सांगा

मिक्सर बघायला जाताना घरून भिजवलेली उडदाची डाळ नेणारी एकच बाई मला माहीत आहे. त्या माझ्या देवासच्या घरमालकीण. मी त्यांना काकू म्हणत असे, बाजार त्यांना मैडम म्हणत असे, आणि त्या दुकानाची पायरी चढल्या की काउंटरवरचा माणूस आधी आत वळून मालकाला हाक मारत असे.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते, म्हणून हे ऐकीव नाही. दुकानदार म्हणाला, "मैडम, डेमो तो पानी से होता है." काकूंनी पिशवीतून डबा काढला. "भिया, पानी के बड़े तो मैं बनाती नहीं." डाळ वाटली गेली. काकूंनी ती दोन बोटांत चोळून पाहिली, मान हलवली, सगळं पीठ खरवडून डब्यात भरलं आणि उरलेली डाळ घेऊन आम्ही शेजारच्या दुकानात गेलो. संध्याकाळी दोन वेगवेगळ्या मिक्सरांतल्या पिठाचे वडे खाल्ले. मिक्सर काही आला नाही. काकू पुन्हा पाट्याकडे वळल्या.

गादी घ्यायची होती तेव्हा त्या दुकानातच गादीवर आडव्या झाल्या आणि त्यांना खरोखर झोप लागली. मालक बिचारा जेवायला न जाता बसून राहिला. उठल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "यही दे दो." किमतीबद्दल एक शब्द काढला नाही.

मुलींच्या सरकारी शाळेत त्यांनी आयुष्यभर गृहविज्ञान शिकवलं होतं. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर त्या गंभीरपणे म्हणत, "दाखवायला आणलेल्या एकाही मुलाला स्वतःत काय कमी आहे ते सांगता आलं नाही." ही त्यांची थट्टा होती की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण दुकानातही त्या हेच विचारत. कुठलाही जिन्नस समोर आला की बाकीचे लोक तो काय काय करतो ते ऐकतात. काकू विचारत, "भिया, ये क्या-क्या नहीं करता, वो बताओ." दुकानदार जिन्नस उलटसुलट करून बघत. काकू शांतपणे वाट बघत.

मी मूळची बागलीची. बाबांचं तिथे वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. आमचे लोक महाराष्ट्रातून इकडे कधी आले ते बाबांनाही नीट सांगता येत नाही. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत माळवी, असं सगळं मिसळून माझी भाषा झालेली. देवासला एका कारखान्याच्या डिस्पॅच ऑफिसात नोकरी लागली आणि मी काकूंची वरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी काहीतरी विचारलं आणि मी म्हणाले, "काकू, मला पता नाही."

"पत्ता विचारलाच नाही मी," त्या म्हणाल्या. "ठाऊक नाही, असं म्हण."

त्यांच्याबरोबर राहणं सोपं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. भाजी मनासारखी निघाली नाही तर त्या शिजवलेली भाजी वाटीत घालून भाजीवाल्याला चव बघायला न्यायच्या. मला लाजेनं कुठे तोंड लपवू असं व्हायचं. मी एखाद्या कपड्याचं कौतुक केलं की, "धुतलास का एकदा? मग बोल."

त्या खोलीत मला नाद लागला तो डीजेचा. आमच्याकडे डीजे म्हणजे माणूस नसतो, गाडी असते. वरातीपुढे चालणारी, भिंतीएवढे स्पीकर लादलेली, खिडक्यांच्या काचा हलवणारी. पण मी फोनवर वेगळंच काही बघत होते. एक मुलगी टेबलाशी उभी राहून दोन गाणी एकमेकांत अशी मिसळत होती की पहिलं कधी संपलं ते कळायचंच नाही. मी फोनमध्ये एक फुकटचं ॲप घेतलं. ऑफिसातून आले की पडद्यावरच्या दोन तबकड्या बोटांनी फिरवत बसे आणि दुसऱ्या हातानं टेबलावर ठेका धरी.

एक दिवस काकू जिना चढून वर आल्या. "कोण गं वर रोज पापड लाटतंय?"

मी घाबरत घाबरत दाखवलं. वाटलं, आता खोली सोडावी लागणार. काकू माझ्या पलंगावर बसल्या, पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाल्या, "मला संगीतातलं काही कळत नाही." देवाससारख्या गाण्याच्या गावात राहून हे इतक्या मोकळेपणानं म्हणणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. मग त्यांनी विचारलं, "हे तू कुठे वाजवणार? घरात, की लग्नात? ऐकणारे कोण, बायका की तरणी पोरं? उभ्यानं वाजवायचं की बसून? सामान कोण उचलणार?"

त्या संध्याकाळी मी फार खूश होते. आईला सांगितलं होतं तर ती गप्प बसली होती. मैत्रिणी म्हणाल्या होत्या, वा, मस्त. बाबा म्हणाले होते, ती गाडी? आपल्या घरात? काकूंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांनी ते खरं धरलं.

माझ्या डोक्यात तेव्हा एक मोठा कंट्रोलर बसला होता. कंट्रोलर म्हणजे दोन फिरत्या चकत्या आणि मधे बटणं असलेली फळी. ती लॅपटॉपला जोडायची, आणि गाणी लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमधून वाजतात. मला चार गाणी एका वेळी चालवणारा, दिव्यांनी झगमगणारा हवा होता. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं महागडं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर फुकट आणून दिलं होतं. "क्रैक है, पर चलता है," म्हणाला.

काकूंनी तो पेन ड्राइव्ह हातात घेतला. "चोरलेला जिन्नस भर लग्नात बंद पडला तर तक्रार कुणाकडे करशील?"

"काकू, सगळे हेच वापरतात."

"सगळ्यांचं मी कुठे विचारलं?"

मला राग आला होता. पण त्यांनी एक तोड काढली. ज्या दोन-तीन सॉफ्टवेअरांची चाचणी फुकट मिळते ती एकेक आठवडा, तीच ती गाणी घेऊन, नुसत्या माउसनं वाजवायची. फळी घ्यायची नाही. "पोळी येत नसेल तर सोन्याचं पोळपाट काय कामाचं?" आणि मी ऑफिसातून आले की त्या खाली खुर्ची टाकून ऐकायच्या. पहिल्या आठवड्यात माझं मिसळणं ऐकता ऐकता त्यांना झोप लागली, आणि त्यांनी ते मला तोंडावर सांगितलं. मी वर जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी मात्र मी गाणी बदलली.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गाणी थेट इंटरनेटवरून येत. लाखो गाणी, काही साठवायला नको. मी ऐटीत वाजवत होते आणि मधेच एकदम शांतता. खाली जाऊन बघते तर काकूंनी राउटरचा प्लग काढून हातात धरलेला.

"नेट गेलं," त्या म्हणाल्या. "आता वऱ्हाड काय करेल?"

त्या दिवसापासून मी प्रत्येक गाणं विकत घेऊन लॅपटॉपमध्ये ठेवायला लागले, ते आजपर्यंत. आमच्याकडची मॅरेज गार्डनं, म्हणजे लग्नासाठी भाड्यानं मिळणारी मैदानं, गावाबाहेर, शेतांच्या मधे. तिथे फोनला एक काडी आली तरी नशीब.

महिनाभरानं काकू स्वतःच म्हणाल्या, "चल, आता इंदूरला."

दुकानदारानं आम्हाला बघितलं आणि काकूंना विचारलं, "पोते के लिए चाहिए, मैडम?"

"नहीं, इसके लिए. और पहले ये बताओ भिया, ये वाला क्या-क्या नहीं करता?"

तो सर्वांत स्वस्त कंट्रोलर होता. माणूस जरा घुटमळला, मग हसला, आणि खरं बोलला. ह्याच्यात स्वतःचं साउंड कार्ड नाही. म्हणजे बाहेर एक गाणं वाजत असताना हेडफोनवर पुढचं गाणं ऐकून ठेवता येत नाही. मला हे माहीत नव्हतं. मी तोच बघून ठेवला होता, कारण परवडत होता. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या स्वप्नातला, चार गाण्यांचा मोठा. तो काय करत नाही? "मैडम, ये अकेले से उठता नहीं," दुकानदार म्हणाला. "और इनका लैपटॉप इसको झेलेगा नहीं." शेवटी मधला निघाला. दोनच गाण्यांचा, स्वतःचं साउंड कार्ड असलेला, पाठीवरच्या बॅगेत मावणारा. त्याच्याबरोबर सॉफ्टवेअरची साधी आवृत्ती मिळत होती. ती काय करत नाही? ती कार्यक्रम रेकॉर्ड करत नाही. "नको करू दे," काकू म्हणाल्या, "लोकं ऐकतील तेवढं पुरे. पुढे लागलं तर वाढवता येईल."

मी पैसे द्यायला निघाले तर त्यांनी मला थांबवलं. "आधी वाजव. आणि खुर्ची नको, उभी राहा. लग्नात तुला कोण खुर्ची देणार आहे?" माझा लॅपटॉप, माझी गाणी. मी काउंटरशी उभी राहून वाजवत होते आणि काकू स्टुलावर बसून शेंगदाणे खात होत्या. मग हेडफोन. त्यांनी दुकानदाराला दुकानातले सगळे मोठे स्पीकर एकदम चालू करायला लावले आणि त्या गोंगाटात ओरडून मला विचारलं, "कानात काय वाजतंय?" पहिल्या जोडीत मला काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्यात आलं. ते हेडफोन दिसायला अगदी सामान्य होते. माझ्याकडे अजून तेच आहेत, फक्त कानावरच्या गाद्या दोनदा बदलल्या.

गाणी मिसळणं जमायला लागल्यावर मला रीमिक्स करायचं होतं, म्हणजे जुन्या गाण्याला नवा ठेका द्यायचा. काकूंच्या गल्लीतल्या बायका लग्नसराईत जमून माळवीतले बन्ने, म्हणजे लग्नाची गाणी, गात. मी एका दुपारी फोनवर ते रेकॉर्ड केले. लॅपटॉपवर घेतले तर ठेका बसेना. बायका गाता गाता पुढे पळत, मधेच कुणाला हसू आलं की रेंगाळत. मी चार दिवस त्यांचा आवाज कापून, ओढून, ताणून एका मापात बसवायचा प्रयत्न केला. ऐकायला ते एखाद्या यंत्रानं गायल्यासारखं झालं.

काकू ऐकून म्हणाल्या, "ह्या कोण बायका?"

"आपल्याच गल्लीतल्या, काकू."

"ह्या नव्हेत. त्या हातातलं काम करता करता गातात, कवायत करत नाहीत. त्यांना कशाला हलवतेस? तुझा ढोल त्यांच्या मागे ने."

मी पुन्हा पहिल्यापासून बसले. बायकांना हात लावला नाही. ठेक्याची एकेक थाप त्यांच्या मागे मागे नेली, त्या पळाल्या तिथे पळवली, थांबल्या तिथे थांबवली. माझं पहिलं रीमिक्स असं झालं. संगीतातलं काही न कळणाऱ्या बाईनं ते दुरुस्त केलं.

मग धारचं लग्न आलं. काकूंची धाकटी बहीण धारला असते. तिच्या नातीची हळद होती, सकाळच्या वेळी, गावाबाहेरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये. काकूंनी बहिणीला परस्पर सांगून टाकलं की वाजवायला आमच्याकडची मुलगी येईल. मला कळायच्या आत त्यांनी बागलीला बाबांनाही फोन लावला. मी शेजारीच उभी होते.

"तुम्ही दोघं या," काकू म्हणत होत्या. "नाही, गाडी नाही. गाडी असती तर मीच तिला घरात घेतलं नसतं. तुम्ही स्वतः बघा, ऐका, आणि मग काय ते म्हणा. न बघता नाही म्हणू नका, एवढंच."

बाबा बराच वेळ बोलत होते. काकू ऐकत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "येतायत. म्हणाले, बघून मग मी सांगेन ते शेवटचं. मी हो म्हटलंय."

"काकू! आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर त्यांनी निदान ऐकून नाही म्हटलेलं असेल."

मी कमावती होते, बाबांचं न ऐकताही चाललं असतं. पण मला तसं नको होतं. हे काकूंना मी न सांगता कळलं होतं.

धारला स्पीकर भाड्यानं आणलेले होते. साउंडवाल्यानं माझ्या मागे बघितलं. "डीजे वाले भिया कहाँ हैं?" मी म्हणाले, मीच. तो काकूंकडे बघायला लागला. काकूंनी त्यालाही सोडलं नाही. "भिया, तुम्हारे ये डिब्बे क्या नहीं करते?" तो थोडा दुखावला, मग म्हणाला, "मैडम, फुल पे करोगे तो फटेंगे." मी आवाज अर्ध्यावर ठेवला. आई-बाबा मागच्या रांगेत बसले होते. आईनं लग्नाला नेसायची जांभळी साडी नेसली होती आणि दोन्ही हात मांडीवर धरले होते.

मुली नाचायला लागल्या, हळद उडायला लागली, सगळं बरं चाललं होतं. आणि बायकांच्या बन्न्याचं माझं रीमिक्स लावलं तेवढ्यात वीज गेली. स्पीकर बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, माझ्या हेडफोनमध्ये गाणं वाजत होतं, बाहेर काही नाही. जनरेटरवाला सापडेना. मला वाटलं, संपलं. बाबांच्या बाजूला बघायचं धाडसच होईना.

तेव्हा नवरीच्या आजीनं, म्हणजे काकूंच्या बहिणीनं, तोच बन्ना तोंडानं उचलला. दोघी-चौघींनी साथ दिली, मग सगळ्याच गायला लागल्या, टाळ्या वाजवत, आपल्या चालीनं. मी एका कानाचा हेडफोन काढला. हेडफोनमध्ये नुसता ढोलकीचा ठेका फिरत ठेवला, बाहेरचं गाणं ऐकत त्याचा वेग सरकपट्टीनं कमी केला, जरा वाढवला, पुन्हा कमी केला. जनरेटर धडधडला आणि मी स्पीकरचा आवाज अगदी हळू वर नेला. ढोलकी त्यांच्या आवाजाखालून आली. कुणाचं गाणं तुटलं नाही. एका बाईनं नुसतं वळून बघितलं आणि टाळी जोरात वाजवली.

त्यानंतर काय झालं ते मला धड आठवत नाही. मला वाटलं फार लांबलं, पोरं कंटाळतील, म्हणून मी दुसरं गाणं मिसळून टाकलं. कार्यक्रम संपल्यावर बाबा टेबलाशी आले. टेबलाच्या मागे वाकून बघितलं, जणू आणखी काहीतरी लपवलेलं असावं.

"एवढंच असतं?"

"एवढंच, बाबा."

"कुणाचं आहे?"

"माझं. पगारातून घेतलं."

त्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला. "मग पुसून ठेव नीट. हळद लागलीय त्याला."

परतीच्या गाडीत मी बोलायची थांबत नव्हते. साउंडवाल्यानं माझा नंबर घेतला होता, नवरीच्या मामानं सरदारपूरच्या लग्नाचं विचारलं होतं. काकू बॅग मांडीवर घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या. मी शेवटी विचारलं, "काकू, तुम्हाला कसं वाटलं?"

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. डोळे उघडले नाहीत. "पण तो बन्ना तू लवकर आवरलास."

"लांबत होता ना."

"तुझी आई तेव्हा कुठे उठली होती."

मला ते दिसलंच नव्हतं. आईला मी कधी कुठल्या लग्नात नाचताना पाहिलं नव्हतं, तर ती उठेल हेही माझ्या मनात नव्हतं. काकू म्हणाल्या, पदर खोचून ती चार पावलं पुढे आली होती. गाणं बदललं तशी जागेवर जाऊन बसली.

आता मी इंदूरला राहते. लग्नसराईत मनावर गावापासून देवासपर्यंत फिरते, कधी महिन्यातले पंधरा दिवस बॅग पाठीवरच असते. काकू घर विकून धारला बहिणीकडे गेल्या आहेत. माझा कुठलाही नवा जिन्नस अजून त्यांच्या प्रश्नातून पार पडल्याशिवाय घरात येत नाही, फोनवर विचारतात. लोक मला विचारतात, तू हे शिकलीस कुणाकडे. मी काकूंचं सांगते तेव्हा त्यांना वाटतं काकू गात असतील, पेटी वाजवत असतील. त्यांना काय सांगू? त्यांनी मला एक फळी निवडून दिली, आणि त्याआधी आणि त्यानंतर कितीतरी दिवस बसून ऐकलं.

पण सांगायचं ते धारच्या लग्नानंतर आलेल्या रविवारचं. सकाळी मी खाली आले तर काकू पिशवी घेऊन तयार. "बागलीला जायचंय," म्हणाल्या. "तुझा लॅपटॉप घे, आणि तुझ्या खोलीतला छोटा स्पीकर." घरी पोचल्यावर चहा झाला. मग त्या आईला म्हणाल्या, "वहिनी, तुमचं गाणं राहिलंय."

आई लाजली. "काहीतरीच, काकू."

काकूंनी बाबांकडे वळून सांगितलं, "तुम्ही जरा पोहे घेऊन या. जाडे." घरात पोह्यांचा डबा भरलेला होता, हे बाबांनाही ठाऊक होतं. ते चपला घालून मुकाट्यानं बाहेर पडले. काकूंनी दार लोटलं. मग आपली खुर्ची उचलली, खिडकीकडे तोंड करून ठेवली, आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या.

मी बन्ना लावला. आई दोन ओळी तशीच उभी राहिली. मग तिनं पदर खोचला, एक हात वर नेला, आणि स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत नाचत आली, परत गेली, पुन्हा आली. तिला सगळी पावलं येत होती. गाणं संपत आलं की मी ते हळूच पुन्हा पहिल्या ओळीवर नेत होते, तिला कळू न देता. काकूंनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. आई दमून, हसत भिंतीला टेकली, तेव्हाच मी ते थांबवलं.